परिपूर्णतेचे उसने माप

माणसाच्या मनाचे माप घेण्याची हौस काही आजची नाही. परंतु ते माप परक्या भाषेतून उसने आणावयाचे, त्यावर मराठी किंवा गुजराती कागद चिकटवावयाचा, आणि त्यातून जो आकडा येईल तो आपल्या मुलामुलींच्या मनाचे खरे वजन म्हणून शाळेला, पालकांना व शोधप्रबंधाच्या परीक्षकांना सादर करावयाचा, ही रीत आता इतकी रुळली आहे की तीत काही वावगे आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. आम्हांस ते वावगे वाटते, आणि का वाटते हे येथे स्पष्टपणे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणासाठी आम्ही ‘परफेक्शनिझम’ ही एकच संकल्पना घेतो. आपल्या हातून होणारी प्रत्येक गोष्ट निर्दोष व्हावी असा ध्यास, आणि ती तशी न झाल्यास स्वतःला दोष देत राहणे, असा तिचा स्थूल अर्थ सांगता येईल. ती मोजण्यासाठी रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ३५ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. चुकांची धास्ती, स्वतःचे निकष, आईवडिलांच्या अपेक्षा, आईवडिलांची टीका, स्वतःच्या कृतीविषयी संशय आणि टापटिपीची आवड असे तिचे सहा भाग आहेत. पुढच्याच वर्षी, १९९१ साली, कॅनडातील हेविट व फ्लेट यांनी ४५ विधानांची दुसरी प्रश्नावली दिली. तिने या प्रवृत्तीचे तीन प्रकार केले: स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा, आणि समाज आपल्याकडून तशी अपेक्षा करतो ही भावना. २००१ साली स्लेनी व त्यांच्या सहकाऱ्यांची सुधारित २३ विधानांची प्रश्नावली आली. जगभरच्या भाषांत ज्यांची भाषांतरे होतात ती मुख्यतः हीच साधने. यांतील पहिल्या प्रश्नावलीची जडणघडण अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या उत्तरांवर झाली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. त्या विद्यार्थिनींविषयी आमची काही तक्रार नाही. मात्र त्यांच्या घरातले बोलणे आणि दांडिया बाजारातल्या घरातले बोलणे एकच असेल, असे गृहीत धरण्यास आम्ही तयार नाही.

हा केवळ पंडितांचा वाद असता, तर या त्रैमासिकाची पाने त्यासाठी आम्ही अडवली नसती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली आणि शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा असे सांगितले. निर्णय उत्तमच आहे. पण उद्या हा समुपदेशक शाळेच्या खोलीत बसेल, तेव्हा त्याच्या खणात साधन कोणते असेल? बहुधा यांपैकीच एखाद्या प्रश्नावलीचे घाईने केलेले भाषांतर. त्यावर आमच्या नातवंडांची नावे लिहिली जातील, समोर आकडे पडतील, आणि त्या आकड्यांवरून कोणाकडे लक्ष द्यावे व कोणाला सोडून द्यावे हे ठरेल. प्रश्न इतका गंभीर आहे म्हणूनच साधनाविषयी आम्ही इतके हट्टी आहोत.

आता मूळ शब्दाकडे वळू. ‘परफेक्शनिझम’ला मराठीत ‘परिपूर्णतावाद’ असा प्रतिशब्द योजिला जातो. समाजवाद, साम्यवाद, अद्वैतवाद यांच्या पंक्तीत बसणारा हा शब्द ऐकून एखाद्याला वाटावे की हे कोणा पक्षाचे तत्त्वज्ञान आहे. आमच्या घरांत या स्वभावासाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. काटेकोर, चोखंदळ, नेटका, टापटिपीचा, चिकित्सक, कीस काढणारा, ‘याला काही पसंतच पडत नाही’ असे ज्याच्याविषयी म्हटले जाते तो, आणि ‘हातून काही चुकेल या भीतीने हातच न लावणारा’ तो. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या माणसाचे चित्र उभे करतो. काटेकोर म्हणण्यात आदर आहे, कीस काढणारा म्हणण्यात कंटाळा आहे, आणि शेवटच्या वर्णनात कणव आहे. हॅमाचेक या मानसशास्त्रज्ञाने १९७८ साली निरोगी आणि रुग्ण असे परफेक्शनिझमचे दोन प्रकार वेगळे केले. आमच्या आजीला हा भेद हॅमाचेकशिवाय ठाऊक होता, कारण तो तिच्या शब्दांतच होता. ‘परिपूर्णतावाद’ या शब्दाने तो पुसून टाकला.

कामाच्या निर्दोषतेचा आग्रह आपल्या परंपरेत निंद्य मानलेला नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ हाच आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, लेखनाची सिद्धता कशी करावी याचा बारकाईने विचार त्यात केला आहे. हा आग्रह कामाविषयीचा आहे. काम बिघडले तर ते पुन्हा करावे, इतकाच त्याचा अर्थ. काम बिघडले म्हणजे मी बिघडलो, ही भावना निराळी, आणि आजच्या मुलाला पोखरते ती हीच. जे साधन या दोहोंत भेद करू शकत नाही, ते वळणदार अक्षर काढणाऱ्या मुलीला रोगी ठरवील आणि वही कोरी ठेवणाऱ्या मुलाला निरोगी.

काही काळापूर्वी एक तरुण संशोधिका अशाच एका प्रश्नावलीचा मराठी मसुदा ‘भाषा तपासून द्या’ म्हणून आमच्याकडे घेऊन आली होती. मसुदा व्याकरणदृष्ट्या शुद्ध होता. आम्ही तो परिचयातल्या चार-पाच घरांतील नववी-दहावीच्या मुलांना वाचावयास दिला आणि प्रत्येक विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगावयास सांगितले. ‘माझे मापदंड उच्च आहेत’ या आशयाच्या विधानावर एक मुलगा थबकला. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलणारा हा मुलगा. त्याने अर्थ सांगितला: ‘मला जास्त दंड होतो.’ या विधानापुढे त्याने ‘पूर्णतः सहमत’ अशी खूण केली असती, तर त्याच्या खाती उच्च ध्येयवादाचे पाच गुण जमा झाले असते. त्या गुणांवर सांख्यिकीचे कितीही संस्कार केले, तरी त्यांतून त्या मुलाचे मन दिसले नसते.

आपल्या वडोदऱ्यात तर या अडचणीला आणखी एक पदर आहे. गुजरातीत ‘चीवट’ म्हणजे काळजीपूर्वक, नीट लक्ष देऊन काम करण्याचा गुण. तोच उच्चार मराठी कानावर पडला की सादळलेला पापड किंवा हार न मानणारा माणूस आठवतो. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या आमच्या कुटुंबांतील मूल ‘चिवट’ हा शब्द कोणत्या अर्थाने घेईल, हे पुण्यात बसलेला मराठी भाषांतरकार सांगू शकणार नाही, आणि अहमदाबादेत बसलेला गुजराती भाषांतरकारही नाही. त्या मुलाला विचारूनच ते कळेल. पण मुलाला विचारण्याची पायरीच बहुतेक ठिकाणी गाळलेली असते.

शब्दांची अडचण एकवेळ कोशाने सुटेल. व्याकरणाची सुटणार नाही. ‘मला पुस्तक पाहिजे’ यात इच्छा आहे. ‘मी हे केले पाहिजे’ यात कर्तव्य आहे. आणि ‘माझा पहिला नंबर आला पाहिजे’ यात काय आहे? मुलाची स्वतःची आकांक्षा, की वडिलांचा हुकूम? मराठी ‘पाहिजे’ दोन्ही पोटात घालून शांत राहते. हेविट व फ्लेट यांच्या प्रश्नावलीचा सारा डोलारा तर याच भेदावर उभा आहे: अपेक्षा माझी स्वतःची, की समाजाने लादलेली? जो भेद मोजावयाचा तोच वाक्यातून गळून पडला, तर खाली राहिलेली बेरीज कशाची?

‘आपण’ या सर्वनामाचेही तसेच. ‘आपल्याकडून चूक होता कामा नये’ असे मूल म्हणते, तेव्हा त्यातला ‘आपण’ म्हणजे ते एकटे मूल की सारे घर, हे त्या मुलालाही वेगळे करून सांगता येणार नाही. इंग्रजी प्रश्नावलीतला ‘सेल्फ’ एकटा उभा असतो. आमचा ‘आपण’ भरल्या घरात उभा असतो. यात कोणाची भाषा श्रेष्ठ हा मुद्दाच नाही. दोन वेगळ्या वस्तू एकाच पट्टीने मोजून त्यांच्या लांबीची तुलना करू नये, इतकेच आमचे म्हणणे.

आईवडिलांविषयीच्या विधानांत ही गफलत अधिक घातक होते. आईवडिलांच्या अपेक्षा उंच होत्या, चुकले की ते बोलत, अशा आशयाच्या विधानांना होकार दिला की फ्रॉस्ट यांच्या प्रश्नावलीत गुण चढतात. जर्मनीतील संशोधक स्टोबर यांनी १९९८ साली या सहा भागांची फेरतपासणी केली, तेव्हा अपेक्षा आणि टीका हे दोन भाग एकमेकांपासून वेगळे न राहता एकच झाले, आणि सहांचे चार भाग उरले. जर्मनीत ही कथा, तर आमच्याकडे काय सांगावे? ज्या घरात रागावणे हीच मायेची एक भाषा आहे, तेथे मूल निर्धास्तपणे ‘हो, रागावतात’ असे लिहील. आणि ज्या मुलाला खरोखर धाक आहे, ते घरच्या माणसांविषयी परक्या कागदावर वाईट लिहू नये या संस्काराने ‘असहमत’ लिहील. सुखी मूल चिंताजनक ठरेल आणि दुःखी मूल सुखी. छळ होत नाही, असे आम्ही म्हणत नाही. घराघरांत गुणांपायी होणारा छळ आम्ही पाहिला आहे. तो या कागदातून दिसेल याची खात्री नाही, एवढेच म्हणतो.

उत्तरांच्या पर्यायांविषयी थोडक्यात. ‘पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत’ ही सरकारी टिपणीची भाषा आहे. ती आम्ही आयुष्यभर लिहिली, म्हणूनच ती मुलांची नव्हे हे खात्रीने सांगू शकतो. शिवाय पूर्व आशियातील विद्यार्थी टोकाचे पर्याय टाळून मधल्या पर्यायाकडे अधिक झुकतात, असे १९९५ साली चेन, ली व स्टीव्हन्सन यांनी दाखविले. हाइने व सहकाऱ्यांनी २००२ साली आणखी मूलगामी मुद्दा मांडला: माणूस स्वतःला जोखतो ते आपल्या भोवतालच्या माणसांशी ताडून, त्यामुळे दोन समाजांच्या सरासऱ्यांची तुलना दिशाभूल करू शकते. ज्या घरात तीन पिढ्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या, तेथले मूल ‘माझे ध्येय सामान्य आहे’ असे प्रामाणिकपणे लिहील.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे पाहू. पहिला युक्तिवाद असा की भाषांतर अचूक आहे, कारण ते दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत उलटवून मूळाशी ताडून पाहिले आहे. ब्रिस्लिन यांनी १९७० साली पुरस्कारिलेली ही पद्धत आज सर्वत्र प्रमाण मानली जाते. वाचकांनी क्षणभर विचार करावा. भाषांतर करणारा इंग्रजी जाणणारा, उलटवणाराही इंग्रजी जाणणारा. ‘परिपूर्णतावाद’ हा शब्द दिला की दुसरा माणूस तत्काळ ‘परफेक्शनिझम’ असे लिहील, कारण त्या शब्दाला या दोघांच्या जगाबाहेर अस्तित्वच नाही. उलट ‘काटेकोरपणा’ हा जिवंत शब्द दिला, तर कोणी एक इंग्रजी शब्द लिहील, कोणी दुसरा, आणि शब्द नापास होईल. म्हणजे या परीक्षेत जितका मृत शब्द तितके अधिक गुण! ज्याच्यासाठी भाषांतर केले तो मुलगा या साऱ्या व्यवहारात कोठेच नाही.

दुसरा युक्तिवाद आकड्याचा. क्रॉनबाख यांनी १९५१ साली दिलेला ‘अल्फा’ गुणांक चांगला आला, तेव्हा साधन विश्वसनीय, असे सांगितले जाते. हा गुणांक विधानांची उत्तरे परस्परांशी किती जुळतात एवढेच सांगतो. एकच गोष्ट पाच प्रकारे विचारली की उत्तरे जुळतातच. ‘मापदंड’ हा शब्द पाच विधानांत असेल, तर आमचा तो मुलगा पाचही ठिकाणी दंडच समजेल, आणि अल्फा उत्तम येईल. जो तराजू किलोला दर वेळी नऊशे ग्रॅम दाखवितो, तोही आपल्या परीने सुसंगतच असतो. म्हणूनच वजनमापे खात्याचा निरीक्षक बाजारात तपासणीला जाताना प्रमाणित वजन सोबत नेतो. भाजीवाल्याच्या वजनावर सरकारी शिक्का नसेल तर आपण त्याला दंड करतो, आणि मुलाच्या मनावर ठेवलेल्या वजनाला शिक्का आहे की नाही हे विचारीतही नाही.

तिसरा युक्तिवाद, मानवी मन सर्वत्र सारखेच. असेलही. पण ते सिद्ध करावयाचे आहे, गृहीत धरावयाचे नाही. कर्रन व हिल यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या गाजलेल्या अभ्यासात १९८९ ते २०१६ या काळातील ४१,६४१ विद्यार्थ्यांची उत्तरे एकत्र करून, तरुण पिढीत परफेक्शनिझम वाढत असल्याचे दाखविले. ते विद्यार्थी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन या तीन देशांतले होते. ‘तरुण पिढी’ म्हणजे वडोदऱ्याचीही पिढी, हा अर्थ वाचणाऱ्याने परस्पर जोडलेला आहे. उलट स्लेनी, चढ्ढा प्रभृती संशोधकांनी २००० साली भारतीयांविषयी लिहिताना, या संकल्पनेला येथे अर्थ कोणता, हाच प्रश्न शीर्षकात ठेवला. मूळ प्रश्नावली रचणाऱ्याला जी शंका पडली, ती भाषांतर करणाऱ्याला पडू नये, याचे नवल वाटते.

कोणी म्हणेल, मग मोजूच नये काय? अवश्य मोजावे, पण कष्टाने मोजावे. अशा कष्टाची उदाहरणे आपल्या भाषेच्या आसमंतातच आहेत. धारवाडात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीची अमेरिकेत झालेली आवृत्ती घेऊन ती मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसविली. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रश्न केवळ भाषांतरित केले नाहीत. येथल्या मुलांना प्रत्यक्ष विचारून, कोणता प्रश्न कोणत्या वयाला शोभतो हे नव्याने ठरविले. त्या कामाचा दुसरा धडाही घ्यावा. १९६७ च्या आवृत्तीनंतर तीच कसोटी दशकानुदशके जुन्याच मानकांवर वापरली गेली. चांगले मापही पुन्हा पुन्हा तपासले नाही तर शिळे होते.

दुसरे उदाहरण गोव्याचे. तेथे डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सामान्य मानसिक विकार ओळखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पाच प्रश्नावल्या प्राथमिक आरोग्य सेवेतील रुग्णांवर पारखल्या, आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्नावलीचा आकडा त्यांनी प्रमाण मानला नाही. त्याच रुग्णांच्या सविस्तर, ठरावीक पद्धतीच्या मुलाखतीशी तो ताडून पाहिला, आणि मग कोणती प्रश्नावली कितपत विश्वासार्ह हे सांगितले. प्रमाणित वजन सोबत नेणे म्हणतात ते हेच. परफेक्शनिझमच्या मराठी प्रश्नावलीसोबत असे वजन कोणी आणले आहे काय, हे ती वापरणाऱ्या प्रत्येकाला विचारण्याचा पालकांना हक्क आहे.

आणि आम्हां बडोदेकरांना तर घरचाच दाखला आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली शब्द शेजारी शेजारी मांडून त्यांतून योग्य तो निवडावा, अशी त्यामागची दृष्टी होती. एका शब्दासाठी सात भाषांची दारे ठोठावणारे हे संस्थान होते. जमीनमहसुलाच्या शब्दासाठी जितकी काळजी घेतली गेली, तितकी मुलाच्या मनाच्या शब्दासाठी घेऊ नये काय?

आमच्या चाकरीतलाही एक दाखला देतो. जनगणनेत ‘हाउसहोल्ड’ मोजावयाचे असते. त्याला कोशातून ‘कुटुंब’ म्हणून मोकळे झाले असते, तर एका छपराखालचे चार भाऊ एक की चार, यावर गावोगाव तंटे झाले असते. म्हणून व्याख्या स्वयंपाकघराशी बांधली: जे सामान्यतः एकत्र राहतात आणि एका चुलीवर जेवतात ते एक. हे शब्दाचे भाषांतर नव्हे, व्यवहाराचे आहे. आणि म्हणूनच ते खेड्यातल्या म्हातारीलाही कळते. परफेक्शनिझमची ‘चूल’ आम्हांला अद्याप सापडायची आहे.

ती शोधण्यासाठी आमच्या मागण्या सरळ आहेत. पहिली, प्रश्नावली लिहिण्यापूर्वी मुलांशी, आईवडिलांशी, शिक्षकांशी बोलून त्यांचे शब्द गोळा करावेत. दुसरी, प्रत्येक विधान मुलांकडून त्यांच्याच शब्दांत वदवून घ्यावे. उलट भाषांतराचा दाखला याला पर्याय मानू नये. तिसरी, कोणत्या भाषेत उत्तर द्यावयाचे हे मुलाने ठरवावे, त्याच्या आडनावावरून शाळेने ठरवू नये. चौथी, परदेशी विद्यार्थ्यांवर बेतलेल्या मानकांनी आमच्या मुलांना ‘अधिक’ वा ‘कमी’ ठरवू नये. आणि पाचवी, केवळ आकड्यावरून कोणत्याही मुलाच्या नावापुढे शेरा मारू नये. आकडा दिसला की त्या मुलाशी कोणी मोठ्या माणसाने बसून बोलावे.

यांतल्या पहिल्या दोन कामांत साहित्यसंस्थांनी अंग चोरू नये. शब्दांची पारख हे आपलेच काम. या शहरातील मराठी घरांत अजून अशी वडीलधारी माणसे आहेत, जी ‘काटेकोर’ आणि ‘कीस काढणारा’ यांतला फरक एका वाक्यात सांगतील. त्यांना विद्यापीठाच्या संशोधकांसमोर बसवावे, शेजारी गुजराती भाषकांना बसवावे, आणि मुलांना मधोमध. जो संशोधक एवढे करील त्याचा आकडा आम्ही मान तुकवून मान्य करू. जो करणार नाही, त्याची प्रश्नावली आपल्या मुलांसमोर आली, तर पालकांनी ती कोरीच परत करावी.